भालेराव पेंटर आणि पन्नास लाल कॅलिपर

परवा आमच्या शेजारचा एक तरुण इंजिनिअर गाडीचं चाक काढून आतल्या कॅलिपरला लाल रंग देत बसला होता. मला पाहून म्हणाला, "काका, तासाभरात वरून क्लिअर वार्निश मारून टाकतो. रंगावर रंग तर मारायचा, त्याला काय अक्कल लागते?" मी त्या पोरावर असा काही ओरडलो की त्याची आई गॅलरीत आली. बायकोने मला हाताला धरून घरात आणलं आणि रक्तदाबाची गोळी पुढे केली. त्या पोराचा काही दोष नव्हता, हे गोळी गिळतानाच मला कळत होतं. मी ओरडलो होतो ते चाळीस वर्षांपूर्वीच्या तीन माणसांवर, आणि त्या तिघांत एक मी होतो.

कॅलिपर म्हणजे चाकाच्या आतली बिडाची जाडजूड मूठ. ब्रेक दाबला की ती फिरत्या तबकडीला दोन्ही बाजूंनी पकडते. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात आम्ही हे कॅलिपर बनवायचो. मी तिथे माल तपासून सही करणारा इन्स्पेक्टर. आणि पेंट शॉप, म्हणजे पत्र्याची एक खोली, दोन पंखे आणि एक धापा टाकणारा कॉम्प्रेसर, हे सगळं यशवंत भालेराव सांभाळायचे. काम त्यांचं, जबाबदारी त्यांची, चूक झाली तर शिव्याही त्यांनाच. कागदावर मात्र ते सहा वर्षं टेंपररी होते.

भालेरावांना मी त्याच्याही आधीपासून ओळखत होतो. सत्तरच्या दशकात ते द्वारका चौकाजवळच्या एका गॅरेजमध्ये गाड्या रंगवायचे. आमचं घर पंचवटीतलं, वडील आणि थोरला भाऊ यजमानांची कृत्यं करणारे. भावाने एक जुनी मोटार घेतली होती, यजमानांना त्र्यंबकला आणि वणीला न्यायला. ती चकचकीत करून घ्यावी म्हणून आम्ही दोघं गॅरेजमध्ये गेलो. किरकोळ अंगाचा, कोपरापर्यंत रंगाचे ठिपके उडालेला एक माणूस बाहेर आला. त्याने गाडीकडे पाहिलंच नाही, आधी बॉनेटच्या कोपऱ्यावर नाक टेकवलं. मग अंगठ्याचं नख रंगात रोवलं. मग एका चिंधीवर थिनर घेऊन चिंधी दाराच्या खालच्या कडेला, कोणाला दिसणार नाही अशा जागी, धरून ठेवली. दोन मिनिटांत तिथला रंग दुधावरच्या सायीसारखा गोळा झाला.

"ह्याच्यावर कोणी तरी घराच्या दाराचा रंग मारलाय," भालेराव म्हणाले. "ब्रशनं."

भाऊ लालबुंद झाला. तो कोणी तरी तोच होता. दिवाळीत वाड्याच्या दारांसाठी आणलेला ऑइलपेंट उरला, तो त्याने गाडीला फासला होता आणि ही गोष्ट घरातही सांगितली नव्हती.

"मग काय बिघडलं? वरून तुमचा भारी रंग मारा," भाऊ म्हणाला.

"माझा रंग तेज थिनरातला हाय. दाराचा रंग वरून सुकतो, आत कच्चा ऱ्हातो. तेज थिनर आत शिरलं का तो फुगतो आन् उठतो. आज मारला तर उद्या तुमचे यजमान गाडीत बसायचे नाय. सगळा खरवडून काढायला आठ दिवस लागतील. नायतर न्या गाडी."

भावाने घासाघीस केली, आवाज चढवला, मग गाडी ठेवून आला. आठव्या दिवशी ती गाडी पाहून वडिलांनी तिच्यात स्वतःचा चेहरा बघून गंध ठीक केलं.

पुढे मी अंबडच्या कारखान्यात लागलो आणि तिथे पेंटर हवा होता तेव्हा भालेरावांचं नाव मीच मालकांना सुचवलं. हे मुद्दाम सांगतो. त्यांना तिथे आणणारा मी होतो.

त्यांच्या काही तऱ्हा होत्या. रंगाच्या खोलीत तेल लावलेल्या डोक्याने कोणी यायचं नाही. दारातच ते माणसाच्या केसांकडे बघत आणि म्हणत, "बाहेर." डब्यात भजी असली तर साबणाने हात धुतल्याशिवाय कोणी कशाला हात लावायचा नाही. "तेलाचा एक डाग, आन् रंग तिथून पळतो," असं ते म्हणायचे. त्यांचे स्वतःचे केस कायम कोरडे, पिंजारलेले. नाकावर ओला रुमाल, आणि सुट्टी झाली की खिशातून गुळाचा खडा काढून तोंडात टाकायचा. छातीतला रंग गुळाने धुतला जातो अशी त्यांची समजूत होती. खडा दोघांत मोडायचे आणि अर्धा मला द्यायचे. मी कुठे रंग ओढत होतो? तरी घ्यायचो.

आणि त्यांची तार. खोलीच्या भिंतीला एक तार बांधली होती, तिच्यावर पत्र्याचे हातभर तुकडे टांगलेले. प्रत्येक तुकड्यावर खडूने लिहिलेलं, कुठला रंग, कुठल्या दिवशी, वर काय मारलं. मालाला हात लावायच्या आधी तुकड्यावर करून बघायचं, चोवीस तास वाट बघायची, नख लावायचं, मगच माल. घाई करणाऱ्याला ते एकच विचारायचे, "रंगाला विचारलं का?" मालकांनाही हेच विचारायचे. मालकांना सगळे भाऊसाहेब म्हणत. बोलायला गोड माणूस. भालेरावांचं हे ऐकून ते हसायचे. त्यांचे मेहुणे प्रकाशराव मात्र हसायचे नाहीत.

प्रकाशराव खरेदी बघायचे. तिशीतला माणूस, पन्नाशीला आलेल्या भालेरावांना "ए भालेराव, तू" म्हणायचा. मला मात्र "दीक्षितसाहेब, आपण". हा फरक मला रोज ऐकू यायचा, आणि रोज मी चहा पीत राहायचो. एकदा त्यांनी कुठून तरी थिनरचे डबे आणले. भालेरावांनी तळहातावर दोन थेंब घेतले, फुंकर मारली, वास घेतला आणि डबे उचलून गेटबाहेर ठेवले. "ह्याच्यात रॉकेल हाय. उडत नाय, चिकटून बसतंय." प्रकाशराव सगळ्यांसमोर तोंडावर पडले. तो राग त्यांनी जपून ठेवला होता, हे मला नंतर समजलं. तेव्हा मी पोट धरून हसलो होतो.

मग त्या पन्नास नगांचं काम आलं. एका मोठ्या गाडी बनवणाऱ्या कंपनीला दुकानांत मांडायला कॅलिपर हवे होते. रोजचे काळपट नकोत, लालभडक हवेत, आणि लालवर काचेसारखा क्लिअरचा थर. हे नमुने पसंत पडले तर सबंध वर्षाचं काम मिळणार होतं. भाऊसाहेबांनी भालेरावांना ऑफिसात बोलावलं आणि माझ्यासमोर सांगितलं, "हे पन्नास नग पास करून द्या, दिवाळीपासून तुम्ही परमनंट. पेंट शॉपचे इन्चार्ज. शब्द देतो."

बाहेर आल्यावर भालेराव तडक नळाकडे गेले. तोंड धुतलं, पुन्हा धुतलं. मग म्हणाले, "साहेब, परमनंटच्या कागदावर गोल शिक्का असतो ना?" मी म्हटलं, असतो. "बायको शाळा शिकलेली हाय. शिक्का बघितल्याबिगर तिचा इश्वास बसायचा नाय."

त्यानंतर त्या माणसाने जे काम केलं ते मी कधी विसरणार नाही. प्रत्येक नग सोड्याच्या पाण्यात उकळून तेल काढलं. पिस्टनची भोकं आणि रबर कागद-पट्टीने बंद केली. लाल रंग सिंथेटिक होता, दाराच्या ऑइलपेंटच्याच जातीचा, उन्हात सुकणारा. एकेक नग तारेला टांगून दहा दिवस उन्हात ठेवायचा, ऊन सरकलं की तोही सरकवायचा. क्लिअर त्यांनी त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं मागवून घेतलं, म्हणजे खालच्या रंगाशी भांडण नको. "पयला हात नुसता दव पडल्यासारखा," ते मला समजावायचे. "ओला हात एकदम मारला का खालचा रंग भिजतो. दव पडू द्यायचं, सुकू द्यायचं, परत दव. तिसऱ्या वेळी भरून मारायचा." तुकड्यावर त्यांनी तसं करून दाखवलं. त्यात माझ्या शर्टाची बटणं मोजता येत होती. मी रजिस्टरात लिहिलं, 'पास'.

खंडेनवमीच्या दिवशी दुपारी ते क्लिअर मारायला घेणार होते. दुसऱ्या दिवशी दसरा, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी टेंपो माल घेऊन निघणार.

भाऊसाहेबांचं घराणं वणीच्या देवीचं. खंडेनवमीला यंत्रांची पूजा सगळेच करतात, हळदकुंकू, फुलं, नारळ. पण यांच्या घराण्यात देवीच्या शेंदराचा मान होता. तिळाच्या तेलात शेंदूर कालवायचा आणि भाऊसाहेबांच्या आईंनी, माईंनी, तो अंगठ्याने प्रत्येक यंत्राला लावायचा. मंत्र म्हणायला दरवर्षी मी. कारखान्यात भटजी फुकटात मिळालेला होता.

त्या सकाळी मी सोवळं नेसून आलो तर टेबलावर लाल कापड घातलेलं आणि त्यावर ते पन्नास कॅलिपर ओळीने मांडलेले. प्रकाशरावांनी खोलीचं कुलूप काढून माल बाहेर आणला होता. एवढं मोठं काम, पूजेत हवंच, असं त्यांचं म्हणणं. माईंनी शेंदराची वाटी उचलली तेवढ्यात भालेराव धावत आले. त्यांनी हात जोडले.

"माई, एका नगाला लावा. बाकीच्यांना फुलं वाहा. रंग अजून कोवळा हाय, तेल आत मुरतं. वरचं क्लिअर मग धरायचं नाय."

माई थांबल्या. "अरे, मग एकालाच लावते की," त्या सहज म्हणाल्या.

"थांबायचं नाही माई," प्रकाशराव म्हणाले. "दरवर्षी लागतो तो सगळ्यांना लागेल." मग भालेरावांकडे वळून, सगळ्या कामगारांच्या देखत, "तुला आमची पूजा खपत नाही, ते सरळ सांग. रंगाचं निमित्त कशाला करतोस?"

भालेराव बौद्ध. हे कारखान्यात सगळ्यांना माहीत होतं आणि सहा वर्षांत कोणी तो विषय काढला नव्हता. दर खंडेनवमीला ते प्रसाद घ्यायचे, माईंना नमस्कार करायचे. त्यांचे जोडलेले हात खाली आले.

"पूजेचं मी काय बोललो? मी तेलाचं बोललो."

"कळतं आम्हाला सगळं."

"जाऊ द्या हो, सणाचा दिवस आहे," भाऊसाहेब म्हणाले. हे त्यांनी प्रकाशरावांना म्हणायला हवं होतं, म्हणाले भालेरावांना.

तिथे बोलायचा अधिकार खरं तर एकाच माणसाला होता. नुसत्या अक्षता वाहिल्या तरी पूजा पुरी होते, एवढं एक वाक्य मी बोललो असतो तर विषय संपला असता. माई माझ्याकडे बघत होत्या. त्या थांबल्याच होत्या माझ्यासाठी. मला ते वाक्य येत होतं, लहानपणापासून येत होतं. आणि मी पुढचा मंत्र म्हणायला सुरुवात केली. आज चाळीस वर्षांनी लिहितानाही मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. कसली भीती होती मला? कोणी नोकरीवरून काढणार नव्हतं, कोणी डोळे वटारले नव्हते. मला फक्त वाद नको होता. पन्नासच्या पन्नास नगांवर शेंदराचे अंगठे उमटले.

दुपारी भालेरावांनी एक नग साबणाच्या पाण्याने धुतला. शेंदूर निघाला, तेल मुरलेलं राहिलं. त्यावर क्लिअरचं दव मारलं तर अंगठ्याच्या जागी क्लिअर बाजूला सरून बारीक बारीक भोकं पडली, माशाच्या डोळ्यांएवढी. थिनरने पुसावं तर खालचा लालच उठणार. ते ऑफिसात आले. शांत होते. "तीन दिवस द्या. बारीक पेपरनं घासतो, डागापुरता पातळ लाल मारतो, उन्हात ठेवतो. चांगला माल देतो."

"टेंपो परवा निघतोय," भाऊसाहेब म्हणाले. "मुहूर्ताचा शब्द दिलाय मी."

"मी आणतो उपाय," प्रकाशराव म्हणाले, आणि तासाभरात गावातून झटपट सुकणाऱ्या लॅकरचे डबे घेऊन आले. जाड थर बसतो, भोकं बुजतात, संध्याकाळपर्यंत सुकतो, असं दुकानदाराने सांगितलं होतं म्हणे.

भालेरावांनी डब्यावरचं लेबलही वाचलं नाही. झाकण उघडून वास घेतला, तारेवरचा एक लाल तुकडा काढला, त्यावर लॅकर मारलं आणि तो तुकडा भाऊसाहेबांच्या टेबलावर ठेवला. आम्ही चौघं बघत होतो. लाल रंग हळूहळू आकसला, उठला, त्याच्या सुरकुत्या झाल्या.

"बघितलं? खालचा सिंथेटिक, वरचं थिनर तेज. पन्नास नगांचं हेच होणार. मी मारणार नाय."

"एक तुकडा म्हणजे काय सगळा माल नव्हे," भाऊसाहेब म्हणाले. भालेरावांनी रंग फवारायची गन टेबलावर ठेवली आणि ते बाहेर जाऊन बसले. गन प्रकाशरावांनी उचलली. जन्मात कधी रंग न मारलेल्या माणसाने त्या पन्नास नगांवर ओला, जाड हात मारला. त्यातला एकही वाचला नाही. दहा दिवसांचं ऊन दहा मिनिटांत वाया गेलं. मी आत गेलो तेव्हा प्रकाशराव एकेक नग हातात घेऊन सुरकुत्यांवर बोट फिरवत होते, जणू बोटाने त्या बसतील.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस आला, माल बघून गेला. काम गेलं. संध्याकाळी भाऊसाहेबांनी मला बोलावलं. समोर चहा, बिस्किटं, आणि टाइप केलेला एक कागद. त्यात लिहिलं होतं की पेंटर य. भालेराव यांनी खंडेनवमीच्या पूजेस हरकत घेतली आणि त्या रागातून मुद्दाम चुकीचे लॅकर मारून माल खराब केला, सबब त्यांना कामावरून कमी करण्यात येत आहे. खाली जागा सोडली होती, 'पडताळणी केली, इन्स्पेक्टर'.

"प्रकाशचं नाव घालता येत नाही हो," भाऊसाहेब म्हणाले. "घरचा माणूस. आणि कंपनीला काही तरी कारण द्यायला हवं. भालेरावांना काय, कुठेही काम मिळेल."

मी कागद वाचला. पुन्हा वाचला. मग सही केली. त्या सहीवर गोल शिक्का मारला गेला. माझ्या रजिस्टरात 'पास' लिहिलेलं पान तसंच होतं, ते मी उघडून दाखवलं नाही. भाऊसाहेबांवर, प्रकाशरावांवर मी आयुष्यभर दातओठ खाल्ले, पण त्यांनी निदान आपल्या माणसाला वाचवलं. मी कोणाला वाचवलं?

भालेरावांना तो कागद गेटवर दिला गेला. मी खिडकीतून पाहिलं. त्यांनी तो वाचला, घडी घातली, आणि तारेवरचे तुकडे मागायला परत आत आले. प्रकाशरावांनी ते आधीच भंगारात टाकले होते.

काम कुठेही मिळालं नाही. पूजेच्या रागाने माल नासवणारा माणूस, ही बातमी अंबडच्या प्रत्येक गेटवर त्यांच्या आधी पोचलेली असायची. कोणी स्पष्ट सांगायचं नाही. जागा भरली म्हणायचे. एक-दोन ठिकाणी माझा ओळखीचा माणूस होता. मी गेलो नाही. वर्षभरात मी तो कारखाना सोडला, आणि सोडताना निरोपसमारंभात भाऊसाहेबांच्या हातून शाल घेतली.

त्या खंडेनवमीनंतर तीन वर्षांनी एका कोल्ड स्टोअरेजच्या कामासाठी पिंपळगाव बसवंतला गेलो होतो. हायवेला टेंपोच्या बॉड्या बांधणाऱ्यांची शेड होती, तिथे भालेराव दिसले. नाकावर ओला रुमाल, केस आता पांढरे. टेंपोच्या दाराला कागद-पट्टी लावत होते. मी जवळ गेलो. त्यांनी रुमाल खाली केला, बसा म्हणाले नाहीत.

"कसे आहात?" मी विचारलं.

"हाय बरं. रोजावर हाय इथं." त्यांनी चिकटपट्टीची कड दाबली. "दीक्षितसाहेब, एक इचारू? लय दिवस मनात हाय."

"विचारा ना."

"तो कागद. खाली सही तुमची होती. वाचून केली, का मालकानं पुढं सरकवला म्हणून न वाचता केली?"

खोटं बोलणं अगदी सोपं होतं. त्यांनीच वाट करून दिली होती. पण त्या माणसासमोर तोंड उघडलं तर खरंच बाहेर पडलं.

"वाचून केली. दोनदा वाचला होता."

भालेरावांनी चिंधी घेतली आणि एकेक बोट पुसलं. 

"बायको म्हणायची, त्यांनी वाचलाच असंल. मी म्हणायचो, नाय, आपल्या साहेबानं वाचला नसणार. वाचला असता तर सही केली नसती. तीन वर्षं भांडतोय तिच्याशी, तुमच्यापायी."

मी काही तरी बोलायला गेलो. त्यांनी रुमाल नाकावर ओढला.

"सरका तिकडं. कपड्यांवर उडंल," ते म्हणाले, आणि दाराकडे तोंड करून त्यांनी गन दाबली.